बोकडाच्या कातड्याचे हात

संपादकांनी फोन करून विषय दिला होता, 'रंगभूषा : एक साधना'. मी म्हटलं, साहेब, साधनेला मांडी घालून बसावं लागतं. मी उभा जन्म लोकांच्या हनुवटीखाली वाकून काढला. माझ्याकडे कंबरेचं दुखणं आहे, साधना नाही. ते हसले आणि म्हणाले, मग जे असेल ते लिहा. जे आहे ते असं आहे.

नागपुरात माझा धंदा दाढी-मिशा लावण्याचा आणि नाटकाचे कपडे भाड्यानं देण्याचा. शाळांची संमेलनं, मोहल्ल्यांच्या रामलीला, झाडीपट्टीतली नाटकं, जयंतीच्या एकांकिका. नवरात्रापासून उन्हाळ्यापर्यंत दुकानाची पायरी रिकामी नसायची. लोकांना वाटतं मेकअपवाला चेहरा रंगवतो. चेहरा कोणीही रंगवील. खरं काम काठाचं असतं. दाढी संपून गाल जिथं सुरू होतो तिथं रेघ दिसली की दाढी नकली. बाजारात तयार दाढ्या मिळतात, जाळीवर विणलेल्या, कानाला अडकवायच्या. त्या मी फक्त शाळेतल्या ऋषींना द्यायचो. मोठ्या माणसाच्या हनुवटीवर मी डिंक लावायचो, तो बोटाला धरू लागेपर्यंत थांबायचो आणि मग खालून वर केसांचा एकेक झुबका बसवत जायचो. अशी दाढी ओढली तर नट ओरडतो, दाढी निघत नाही. सावनेरकडच्या एका दुर्योधनाला प्रयोगानंतर पहाटे बायकोनं घरातच घेतलं नाही. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, सासऱ्याचं सांगितलं, शेवटी लग्नात रुसून बसलेल्या मामाचं नाव सांगितलं तेव्हा कुठं कडी निघाली. दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी भांडायला आला. मी ते माझ्या कामाचं सर्टिफिकेट समजलो.

आमच्या घराण्यानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तरी माझ्या दुकानात रामाचा मुकुट, कंसाची गदा आणि बेथलेहेमच्या मेंढपाळांचे झगे एकाच भिंतीवर सुखानं नांदायचे. बायबल मला पडद्यामागून ठाऊक आहे. म्हणजे कोणाला किती दाढी आणि कोण कोणत्या बाजूनं येतो, एवढं पक्कं. बाकीचं पाळकसाहेबांना विचारावं.

हे पाळकसाहेब म्हणजे शहराच्या जुन्या भागातल्या एका मराठी चर्चचे. ते चर्च माझं कायमचं गिऱ्हाईक. दरवर्षी नाताळाच्या आधी तिथं नाटक व्हायचं आणि दरवर्षी तेच व्हायचं. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इसहाक नावाचा म्हातारा आंधळा झालेला असतो. त्याला दोन मुलं. थोरला एसाव, अंगभर केस असलेला शिकारी गडी. धाकटा याकोब, गुळगुळीत, आईचा लाडका. म्हाताऱ्याला थोरल्याला आशीर्वाद द्यायचा असतो. आई रिबेका धाकट्याला थोरल्याचे कपडे घालते, त्याच्या हातांवर बोकडाचं कातडं बांधते आणि बापाकडे पाठवते. बाप हात चाचपतो, केस लागतात, आशीर्वाद देऊन टाकतो. मग एसाव शिकारीहून येतो, पण आता बापाजवळ द्यायला काही उरलेलं नसतं. तो मोठ्यानं रडतो. पडदा.

पाळकसाहेबांना पुढचा भागही दाखवायचा असायचा. कारण त्यांच्या मते गोष्ट खरी सुरू होते ती तिथून. हाच याकोब पुढं मामाकडे पळतो, मामा लग्नात बुरख्याआड भलतीच मुलगी उभी करतो. म्हातारपणी त्याचीच मुलं आपल्या भावाचा अंगरखा बोकडाच्या रक्तात बुडवून आणतात आणि सांगतात, तुमच्या लाडक्याला जनावरानं खाल्लं. बापाला फसवायला भावाचे कपडे आणि बोकड लागला होता, पुढं तो स्वतः बाप होऊन फसला तेव्हाही भावाचे कपडे आणि बोकडच. माझ्यासारख्याला ते सोयीचंच होतं, सामान तेवढंच लागलं असतं. पण पुढचा भाग कधी झालाच नाही. पहिलाच इतका लांबायचा की लोकांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असायचा. म्हणून त्या चर्चमध्ये फसवणूक दरवर्षी करून दाखवली जायची आणि तिचे परिणाम पाळकसाहेब तोंडी सांगायचे.

लांबायचा त्याचं कारण दाविदबाबा. ते इसहाक व्हायचे. रेल्वेत तिकीट चेकर होते. डब्यात शिरताना पावलांच्या आवाजावरून विनातिकीट माणूस ओळखायचे, असं त्यांचे जुने सोबती सांगत. रिटायर झाल्यावर काचबिंदूनं डोळे गेले. पूर्ण नाही, पण माणूस समोर उभा राहिला तर सावली पडली एवढंच कळायचं. आयुष्यात ज्यांना कोणी फसवू शकलं नाही असे हे गृहस्थ दरवर्षी स्टेजवर खाटेवर बसून सगळ्या मंडळीसमोर फसायचे. आशीर्वादाची वेळ आली की मात्र ते नाटक विसरायचे. याकोबाच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटायचे आणि स्वतःच्या शब्दांत खरीखुरी प्रार्थना करायचे. त्या पोराचं शिक्षण, नोकरी, तब्येत, येणारी बायको, होणारी मुलं, सगळं त्यात यायचं.

आणि तो आशीर्वाद लागतो, अशी तिथं बोलवा झाली. एका वर्षीच्या याकोबाला रेल्वेत नोकरी लागली. पुढच्या वर्षीचा आखातात गेला. मग काय विचारता. याकोबाच्या कामासाठी ऑगस्टपासून पाळकसाहेबांच्या घरी केक यायला लागले. कोणी मुलाचा आवाज ऐकवायला आणायचं, कोणी त्याच्या हातावर कसे अजिबात केस नाहीत ते बाही वर करून दाखवायचं. पाळकसाहेब तळमळून सांगायचे की बाबांनो, जुन्या याकोबांचं पुढं काय झालं तेही पाहा. रेल्वेवाल्याची नेमणूक अशा स्टेशनावर झाली होती जिथं दिवसातून एकच गाडी थांबायची, तीही थांबली तर. आखातवाल्याला हॉटेलात कूक म्हणून नेलं आणि वाळवंटात बकऱ्या राखायला बसवलं. तिसऱ्यानं हौसेनं जुनी मोटार घेतली, ती दोन वेगवेगळ्या मोटारी मधोमध जोडून केलेली निघाली. कोणावर काही फरक पडत नसे. आधी आशीर्वाद मिळू द्या, मामाचं मामा पाहून घेऊ, असा एकंदर सूर होता.

एसावाचं काम मात्र कोणाला नको असायचं. ज्याला आशीर्वाद मिळतच नाही तो कशाला व्हायचं? म्हणून ते दरवर्षी दाविदबाबांचा थोरला मुलगा विल्सन करायचा. कळमेश्वरच्या एका कारखान्यात तो पहिल्या पाळीला जायचा, आईबापांजवळच राहायचा, कमी बोलायचा. दाढी लावताना इतका स्थिर बसणारा नट मी दुसरा पाहिला नाही. आणि रिबेका व्हायच्या दाविदबाबांच्या पत्नी मार्थाबाई, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. घरचंच नाटक म्हणा ना.

धाकटा प्रमोद कुठंच नव्हता. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

प्रमोद लहानपणापासून चर्चमध्ये पेटी वाजवायचा. हातात कला होती. घरी त्यानं सांगितलं की कळमेश्वरला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. रोज डबा घेऊन निघायचा. खरं म्हणजे तो एका धुमाल पार्टीत कॅसिओ वाजवत होता. बाहेरच्यांना सांगायला हवं, धुमाल म्हणजे आमच्याकडची ट्रकवरची वाजंत्री. ढोल, ताशे, भोंगे, रंगीत दिवे आणि त्या सगळ्यावर बसलेला कॅसिओवाला. वरात आली की खिडक्यांची तावदानं थरथरतात.

एके दिवशी अशी एक वरात चर्चच्या गल्लीत आली. दाविदबाबा फाटकाशी काठी टेकून उभे होते. कॅसिओवर सिनेमाचं गाणं चालू होतं, पण कडव्याच्या शेवटी वाजवणाऱ्यानं सवयीनं एक हरकत घेतली, जी प्रमोद चर्चच्या गीतांच्या शेवटी घ्यायचा. दाविदबाबा रस्त्याच्या मधोमध गेले आणि हात वर करून त्यांनी ट्रक थांबवला. चालत्या गाडीत साखळी ओढल्यासारखी सगळी वरात जागच्या जागी थांबली. त्यांनी वर तोंड करून विचारलं, "कोण आहेस गा तू?"

प्रमोदनं गळा दाबून घोगरा आवाज काढला आणि म्हणाला, मी नागेश.

धुमालचा राग दाविदबाबांना नव्हता, हे मला मार्थाबाईंनीच सांगितलं. वाजवणं हे काही पाप नाही, असं ते म्हणायचे. पण पोरानं तोंडावर स्वतःचं नाव नाकारलं ते त्यांना सोसलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी एकच धरून ठेवलं : माझा प्रमोद कळमेश्वरला ऑफिसात असतो, ट्रकवर होता तो नागेश. प्रमोद समोर येऊन पाया पडला तर ते मार्थाबाईंना विचारायचे, हे नागेश काहून आले आहेत आपल्याकडे? फोन आला तर राँग नंबर म्हणून ठेवायचे. गल्लीतले लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. प्रमोद कंटाळून शहराबाहेर वाडीला भाड्याच्या खोलीत राहायला गेला, धुमाल सोडली, ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला लागला. म्हातारा तरी वितळला नाही.

तर त्या वर्षी, नाटकाला थोडेच दिवस उरले असताना, मार्थाबाई माझ्या दुकानात आल्या. स्टूल ओढून बसल्या, पदरानं घाम पुसला आणि सरळ कामाचं बोलल्या.

"शालिकभाऊ, जानेवारीत माह्या प्रमोदचं लगन आहे. पोरगी खाप्याची आहे, चांगली आहे. पण लगनाच्या आधी बाप पोराच्या डोक्यावर हात ठेवते, आमच्या घरात असंच होत आलं. त्याशिवाय मी त्याले चर्चमध्ये उभा करणार नाही. मले तो हात पाहिजे."

मी म्हटलं, दाविदबाबांना समजावून पाहा. त्या म्हणाल्या, समजावून समजावून माझ्या डोक्याचे केस गेले, तेव्हा दुसरं बोला. त्यांचं दुसरं ठरलेलंच होतं. यंदा याकोबाचं काम सुनील नावाच्या बँकेतल्या मुलाला मिळालं होतं. तो प्रमोदचा जुना दोस्त. स्टेजवर जायचं प्रमोदनं, सुनीलनं पडद्यामागून माइकवर बोलायचं. बाप याकोबाच्या डोक्यावर हात ठेवणारच होता, डोकं फक्त बदलायचं.

मी म्हटलं, ते ओळखतील. मार्थाबाई म्हणाल्या, "दिसते कुठं त्याईले? आवाज आन हात, एवढंच आहे त्याईच्याजवळ. आवाजाचं मी पाहते, हाताचं तुमी पाहा."

मी आठवण दिली की बाई, ह्या गोष्टीत पुढं काय काय होतं ते तुमचेच पाळकसाहेब सांगतात. त्यावर त्या उठल्या आणि स्टूल जागेवर ठेवत म्हणाल्या की दरवर्षी सांगतात, ऐकलं कोणी कधी? विल्सनला मात्र कळू देऊ नका, तो सरळ माणूस आहे, बापाला सांगून टाकेल.

आता नकार द्यायला हवा होता की नाही, ह्यावर माझी बायको आणि मी अजून वाद घालतो. माझं म्हणणं असं की मी आयुष्यभर खोट्या दाढ्या लावल्या, पण बघणाऱ्याला ठाऊक असायचं की दाढी खोटी आहे. इथं बघणारा एकच होता आणि त्याला बघता येत नव्हतं. हे काम वेगळं आहे हे मला कळत होतं. पण मला ते जमवून दाखवायचंही होतं. कारागिराला अवघड काम दिसलं की त्याची अक्कल थोडी बाजूला सरकते.

दरवर्षी याकोबाच्या हातांना मी वानरसेनेचे हातमोजे द्यायचो. रामलीलेत जे सुग्रीवानं घातले तेच दोन महिन्यांनी याकोब घालायचा, कधी कोणाची तक्रार आली नाही. दाविदबाबांना ते रेग्झिनचे आहेत हे माहीत असायचं आणि त्यांचं काही म्हणणं नसायचं. यंदा मार्थाबाईंचा हट्ट, खरं कातडं पाहिजे. प्रमोदच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला लहानपणी गरम दूध सांडून भाजल्याची खूण होती, बाप ती बोटांनी बरोबर ओळखेल. खूण झाकेल असं घट्ट बसलं पाहिजे, आणि त्यांच्या बोटांना खोटं वाटता कामा नये.

मटणवाल्याकडून कोवळ्या बोकडाचं कातडं आणलं. मीठ-तुरटी लावून गच्चीवर वाळत घातलं. कावळे आले, घारी आल्या, शेजारी आले. बायकोनं सांगितलं की घरात एकतर हे राहील नाहीतर मी. कातडं पातळ खरवडून, कडा विंचरून मी ते प्रमोदच्या दोन्ही हातांवर आणि मानेवर माझ्या सगळ्यात जबर डिंकानं बसवलं. काठ सापडत नव्हता. मंडळीनं ओळखू नये म्हणून तोंडाला भरघोस दाढी. नंतर चर्चमध्ये त्याला सुनील समजून पाळकसाहेब म्हणाले, याकोब तर गुळगुळीत होता. मी म्हटलं, हातांचं म्हटलंय, गालांचं नाही. वास येऊ नये म्हणून वर अर्धी बाटली अत्तर ओतलं. हा माझा शहाणपणा. अत्तरानं माणसांना वास येईनासा झाला. कुत्र्यांचा मी विचारच केला नव्हता.

प्रमोदला रिक्षातून चर्चच्या मागच्या दारानं आत आणलं, तोवर गल्लीतली कुत्री रिक्षाच्या मागं लागली होती. बाहेर हाकलली तर ती पुढच्या दारानं मंडळीत येऊन बसली. नाताळाच्या दिवसांत येशूच्या दारातून कोणाला हाकलू नका, असं एका आजीबाईंनी बजावल्यामुळे स्वयंसेवकांचाही नाइलाज झाला.

पडदा उघडला. दाविदबाबा खाटेवर. मार्थाबाईंनी, म्हणजे रिबेकेनं, याकोबाला पुढं ढकललं. मी विंगेत उभा, माझ्या शेजारी विल्सन, धनुष्य आणि पुठ्ठ्याच्या मटणाची थाळी घेऊन आपल्या वेळेची वाट पाहत. दुसऱ्या विंगेत काळ्या पडद्यामागं सुनील माइक तोंडाशी धरून.

दाविदबाबा स्टेजवर शुद्ध बोलायचे. त्यांनी मान उचलून विचारलं, "बाळा, तू कोण आहेस?"

भोंग्यातून आवाज आला, "बाबा, मी तुमचा थोरला मुलगा, एस..."

आणि तिथं अडला. कारण कुत्री स्टेजमागं पोहोचली होती आणि सुनील कुत्र्यांना भितो, हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. भोंग्यातून "हाड, हाड" ऐकू आलं, मग खुर्ची पडल्याचा आवाज, मग पळणारी पावलं. माइक जमिनीवर पडला असावा. कारण यानंतर एसावाच्या नावानं जो आवाज आला तो भुंकण्याचा होता, अगदी स्पष्ट, चर्चच्या छतापर्यंत घुमणारा.

मंडळी हसून लोळायची बाकी होती. सगळ्यांचे मोबाइल वर. दाविदबाबांनी कान पुढं केला. "काय म्हणालास बाळा?" भोंग्यातून कुत्रं धापा टाकत होतं. प्रमोदचे ओठ ठरल्याप्रमाणे हलत होते, पण आता कशावर हलवायचे हे त्याला कळत नव्हतं. दाविदबाबा सरकत पुढं आले, हातानं चाचपडत त्यांनी त्याचं मनगट धरलं. आणि ह्या वेळी त्यांनी विचारलं ते स्टेजच्या भाषेत नाही.

"कोण आहेस गा तू?"

ट्रकसमोर उभं राहून विचारलेला प्रश्न तोच होता, शब्दही तेच. ते प्रमोदला कळलं, मार्थाबाईंना कळलं. माझ्या शेजारी विल्सन एक पाऊल पुढं सरकला. नाटकात याकोबानं इथं खोटं बोलायचं असतं. त्याच्यावर तर सगळी गोष्ट उभी आहे.

"मी प्रमोद आहे, बाबा," तो म्हणाला.

मागच्या रांगा अजून हसत होत्या, पुढच्यांनी त्यांना गप्प केलं. दाविदबाबांनी मनगट सोडलं नाही. दुसरा हात त्याच्या पंज्यावर फिरवला, पुन्हा फिरवला. माझ्या कामावर फिरत होता तो हात. काठ सापडला नाही, एवढं मी त्याही वेळी पाहून घेतलं.

"आन हे काय लावलं?"

"बोकडाचं कातडं."

"काहून?"

"तुमी डोक्यावर हात ठेवावा म्हणून."

म्हाताऱ्यानं पंजा पुन्हा चाचपला. मग म्हणाला, "मंग नागेश कुठं गेला?"

"नागेश कोणी नव्हता बाबा. मीच होतो."

"केवढे दिवस लावले तुनं एवढं सांगाले," दाविदबाबा म्हणाले. आणि कातडं धरून ओढायला लागले. प्रमोद कळवळला. कातडं हललं नाही. पाळकसाहेब घाईनं स्टेजशी येऊन कुजबुजले की बाबा, गोष्टीप्रमाणे कातड्यासकटच आशीर्वाद आहे, देऊन टाका, लोक खोळंबलेत. दाविदबाबांनी त्यांना मोठ्यानं सांगितलं की मी बोकडाले आशीर्वाद देणार नाही, शालिकभाऊले बोलवा.

झालं. चाळीस वर्षं मी पडद्यामागं होतो, त्या दिवशी पहिल्यांदा भर नाटकात स्टेजवर गेलो, हातात स्पिरिटची बाटली आणि कापूस. माझा सगळ्यात जबर डिंक मी स्वतःच उतरवत बसलो. चांगलं काम केल्याचा इतका पस्तावा मला कधी झाला नव्हता. गाणाऱ्या मंडळीनं मधला वेळ भरायला नाताळाची होती नव्हती ती गाणी म्हणून टाकली. सुटलेला प्रत्येक तुकडा कुत्री उचलून नेत होती आणि समाधानानं बाहेर जात होती. ह्या सगळ्या वेळात दाविदबाबांनी मुलाचं मनगट सोडलं नाही. भाजल्याची खूण उघडी पडली तेव्हा त्यांचा अंगठा तिथं जाऊन थांबला. मी मान खाली घालून कापूस फिरवत राहिलो, कारण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि स्पिरिटचं निमित्त हाताशी होतं.

मग त्यांनी प्रमोदच्या डोक्यावर हात ठेवला. दरवर्षी लांबणारी प्रार्थना त्या दिवशी दोन-तीन वाक्यांत संपली. मी हातभर अंतरावर असून मला ती ऐकू आली नाही. मार्थाबाई रिबेकेच्या झग्यात उभ्या राहून रडत होत्या आणि हसत होत्या. लोक उठले, टाळ्या वाजवल्या, पाळकसाहेबांनी पडदा पाडायची खूण केली. नाटक संपलं असंच सगळ्यांनी धरलं.

एसाव यायचा होता, हे कोणाच्या लक्षात नव्हतं. तो आला. धनुष्य खांद्याला, हातात पुठ्ठ्याच्या मटणाची थाळी. टाळ्या वाजवणारे हात गोंधळून थांबले. विल्सन दरवर्षी एसावाचं ठरलेलं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असं गर्जून म्हणायचा आणि मग धाय मोकलून रडायचा, त्यावर टाळी ठरलेली असायची. त्या दिवशी तो हळूच म्हणाला, "बाबा, तुमच्याजवळ एकच आशीर्वाद होता काय?"

दाविदबाबा खुशीत होते. हसून म्हणाले, "तुले काहून पाहिजे बेटा? तू तर घरातच आहे."

"घरातच आहो," विल्सन म्हणाला. "रोज तुमच्या डोळ्यात औषध टाकतो. जेवाले वाढतो. माह्या डोक्यावर तुमी कधी हात ठेवला, बाबा?"

त्यानं भांडून विचारलं नाही. त्याला खरंच आठवत नव्हतं, म्हणून विचारल्यासारखं विचारलं. पाळकसाहेबांनी वर केलेला हात खाली घेतला. मला तेव्हा वाटलं की ज्यानं कोणाला फसवलं नाही त्याच्याच पदरात हे पडावं, हे त्या गोष्टीत कोणी नीट वाचलेलंच नाही.

दाविदबाबांचा हात उठला आणि हवेत इकडं तिकडं फिरला. विल्सन चांगला उंच, तो सरळ उभा. मार्थाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाक ना गा." तो गुडघ्यावर बसला. हात खाली आला तो माझ्या विगवर, एसावाच्या दाट, कुरळ्या, तांबूस केसांवर. म्हाताऱ्यानं ते दोन बोटांत धरून पाहिले.

"हे केस तुये नाहीत."

"नाटकाचे आहेत."

"काढ ते."

विल्सननं विग काढून मांडीवर ठेवला. हात पुन्हा खाली आला आणि डोक्याला लागताच थबकला. कपाळापासून मागच्या मानेपर्यंत विल्सनच्या डोक्यावर एक केस नव्हता. सगळ्या मंडळीला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, गल्लीतल्या किराणावाल्याला ठाऊक होतं. दाविदबाबांचा तळहात पुढून मागं गेला, मागून पुढं आला, कुठंतरी असतील म्हणून कानांच्या वर शोधून आला.

"हे कधी झालं?"

"लय वर्षं झाले, बाबा."

"मले काहून नाही सांगतलं?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे," विल्सन म्हणाला.

दाविदबाबांचे ओठ हलायला लागले, पण प्रार्थना काही आली नाही. ते पुन्हा पुन्हा त्या टकलावरून हात फिरवत राहिले. पडदा ओढणाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मानेनं नको म्हटलं. आणि दरवर्षी भोकाड पसरून टाळी घेणारा विल्सन, माझा विग मांडीवर घट्ट धरून, आवाज न करता रडला.